लिंबाच्या रेघा

नागपूर, १४ मे

प्रिय नंदा,

मिनू माझ्याकडे मजेत आहे, तिचं कामही नीट चाललंय. तरी फोन न करता पत्र लिहितेय, कारण ती घरात असताना हे बोलता येत नाही.

परवा सकाळी बेसनात अर्धं लिंबू पिळून ती चेहऱ्याला लावून बसली. वीस मिनिटांनी धुतलं, मानेवर परफ्यूम मारलं आणि निघाली स्कूटीने वर्धा रोडला. इथे नऊलाच ऊन कसं चटके देतं, तुला सांगायला नको. मी दारातच अडवलं. म्हणाली, "मावशी, लिंबू तर नॅचरल असतं ना!"

मी तिला माझा उजवा हात दाखवला. मागच्या मे महिन्यात गल्लीतल्या प्याऊसाठी मी अंगणात बसून शंभरेक लिंबं पिळली होती. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आग व्हायला लागली, तिसऱ्या दिवशी फोड आले. रस मनगटावरून कोपराकडे ओघळला होता, नेमके तेवढ्याच रेघांत. कामाच्या ताई म्हणाल्या, "काऊन वं बाई, तेल उडालं काय हातावर?" त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र बघताक्षणी विचारलं, "लिंबू पिळून उन्हात बसला होतात?" फोड बसले, पण तपकिरी रेघा पोळ्यापर्यंत गेल्या नाहीत.

लिंबात, सालीत जास्त, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर उन्हातले यूव्हीए किरण पडले की ती पेशींतल्या डीएनएला चिकटतात आणि त्वचा भाजल्यासारखी होते. ही ॲलर्जी नव्हे. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं तर कुणालाही होतं. आपल्या आयुर्वेदातल्या बावचीत त्यांच्यातलंच सोरॅलेन असतं, म्हणून तर कोडावर बावची लावून उन्हात बसवत. परफ्यूममधल्या बर्गामोट तेलातही, म्हणजे लिंबाच्याच जातीच्या एका फळाच्या तेलातही, हीच द्रव्यं. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत ते तेल ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा सुगंध उद्योगाचा स्वतःचा नियम आहे. मिनूला म्हटलं, परफ्यूम कपड्यांवर मार, ते तिला पटलं.

रेटिनॉलचं सीरमही ती सकाळी लावायची. ते उजेडात बिघडतं आणि त्वचा उन्हाला हळवी करतं, म्हणून ते रात्रीचं. ग्लायकोलिक ॲसिडचं पील केलं तर पुढचा आठवडाभर ऊन जपायचं. आणि गाडीच्या काचा लावल्या म्हणजे सुटलो असं नाही, साध्या काचेतून यूव्हीए बरेचसे आत येतातच. सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ बघू नये, तो मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या दुसऱ्या किरणांचा हिशेब. यूव्हीएसाठी 'पीए' या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं मोजायची. दुपट्टा ती घट्ट बांधते, ते चांगलंच आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिच्या बॅगेत एक पांढरी डबी आहे, ना नाव, ना घटक. पार्लरमधून आणलेली. आधी म्हणाली मैत्रिणीने दिली, मग हळूच म्हणाली, "आईने."

नंदा, रागावू नकोस. स्थळं बघायला लागल्यापासून तुझा जीव तिच्या रंगात अडकलाय, मला कळतं. पण अशा डब्यांत बरेचदा स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन हे रंग उतरवणारं औषध निघतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, उन्हात गेलं की लाल होऊन आग होते, आणि हायड्रोक्विनोन फार दिवस लावलं तर निळसर काळे डाग पडतात, ते सहसा जात नाहीत. मिनूच्या गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात. तुझी पोर सुंदर आहे गं, सावळी आहे तशीच सुंदर आहे. हे तिला माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकायचंय.

डबी मी फेकलेली नाही. स्टेरॉइड एकदम बंद केलं तर चेहरा उफाळून येतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवायचं. शुक्रवारी संध्याकाळची वेळ घेतलीय, डबी सोबत नेईन. ती नेमकी कधीपासून लावतेय आणि दिवसातून किती वेळा, ते त्याआधी मला कळव. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

तुझीच,
शोभा