‘फॉल’ लिहिलं म्हणून गुण कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या नातीला सहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ऋतूंची नावं लिहायला सांगितली होती. तिने त्यात ‘फॉल’ लिहिलं. बाईंनी त्यावर लाल फुली मारली, शेजारी ‘ऑटम’ लिहिलं आणि ‘हे अमेरिकन आहे, चूक’ असा शेरा दिला. अर्धा गुण गेला. गुणाचं मला काही नाही. पण तेहतीस वर्षं मी हीच भाषा शिकवली, आणि हा शेरा वाचून गप्प बसवेना.

‘फॉल’ अमेरिकेत जन्मलेला नाही. इंग्लंडात फार पूर्वी या ऋतूला ‘हार्वेस्ट’ म्हणत, आपल्या सुगीसारखं. पुढे तो शब्द कापणीपुरता उरला आणि लोक ‘फॉल ऑफ द लीफ’ म्हणू लागले. रॉजर अ‍ॅस्कम या इंग्रज लेखकाने 1545 मध्ये धनुर्विद्येवर पुस्तक लिहिलं, त्यात वसंत, उन्हाळा आणि हिवाळा यांच्या पंगतीला हेच नाव बसलेलं आहे. बोलता बोलता त्याचा ‘फॉल’ झाला. सतराव्या शतकात इंग्लंडातून अमेरिकेत वस्तीला गेलेले लोक तो बरोबर घेऊन गेले. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशातही तो या अर्थाने आहे. नंतर इंग्लंडात फ्रेंच-लॅटिनकडून आलेला ‘ऑटम’ टिकला आणि ‘फॉल’ मागे पडला. अमेरिकेने आजोळचा शब्द सांभाळला, एवढंच.

आणि आपल्याकडे त्याला किती नेमका शब्द आहे: पानगळ! वर्गात ‘ऑटम म्हणजे शरद’ असं पाठ करून घेतात. शरद आश्विन-कार्तिकातला, कोजागरीच्या चांदण्याचा. आपल्याकडची झाडं बोडकी होतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. ‘फॉल’ पानगळीशी जोडून दिला तर मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पडण्याचे जुने इंग्रजी शब्द हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडं अधिक लिहिते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पडण्याला ‘ऱ्हेओसान’ आणि ‘ड्रेओसान’ अशीही क्रियापदं होती. त्या काळच्या एका कवितेत घरदार गमावलेला एकटा माणूस थंडगार समुद्राकडे बघतो आहे आणि दहिवर, बर्फ, गारा एकत्र कोसळताहेत. तिथे ‘ऱ्हेओसान’ आहे. पुढे त्याच कवितेत हे जगच दिवसेंदिवस ढळतं आणि पडतं असं म्हटलं आहे, तिथे ‘ड्रेओसान’. दोन्ही क्रियापदं आज नाहीत. दुसऱ्याचं कूळ मात्र ‘ड्रिअरी’ या शब्दात शिल्लक आहे. गळणारं ते रक्त, रक्ताने माखलेला तो दुःखी, आणि आता नुसता उदास, कंटाळवाणा, असा त्या शब्दाचा प्रवास झाला.

‘फॉलिंग सिकनेस’ म्हणजे फेफरं, अपस्मार. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरची वाढती सत्ता खुपणारे रोमन सरदार बोलत असतात. त्यांतला ब्रूटस म्हणतो की सीझरला हा आजार आहे. त्यावर कॅशियस उत्तर देतो, सीझरला नाही, तो तुला, मला आणि कास्काला आहे. पडलो आहोत ते आपण, सीझरच्या पायाशी. सगळी धार त्या ‘पडण्या’त आहे. वर्गात ‘फॉलिंग सिकनेस म्हणजे एपिलेप्सी’ एवढं सांगून पुढे गेलं की कॅशियसचं बोलणं मुलांच्या डोक्यावरून जातं. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवलं, याची रुखरुख आजही आहे.

‘रूइन’चंही तसंच. आज त्याचा अर्थ नाश किंवा पडके अवशेष. मूळ लॅटिन शब्दात कोसळणं आहे, आणि कवी मिल्टनने 1667 च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात तो त्याच अर्थाने वापरला: देवाविरुद्ध बंड केलेले देवदूत खाली पडताना जणू स्वर्गातून स्वर्गच कोसळत होता. इथे नुसता ‘नाश’ घेतला तर ते दृश्यच दिसत नाही. ‘स्क्वेल्च’ हा आज चिखलात पाय पडल्याचा पचपच आवाज, पण एके काळी दाणकन आपटण्यालाही तो शब्द होता.

एक जोडी मात्र मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. झाड आपोआप पडलं तर ‘फॉल’, कुऱ्हाडीने पाडलं तर ‘फेल’. हा ‘फेल’ म्हणजे नापास नव्हे, आणि ‘फॉल’चा भूतकाळही नव्हे. शेजारी लिहायची: पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, मरणे-मारणे. मग ‘सिट-सेट’, ‘राइज-रेझ’ मुलं आपणहून सांगत. इंग्रजीत अशा थोड्याच जोड्या उरल्या आहेत, मराठीत त्या रोजच्या बोलण्यात आहेत.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या छापील खंडांत वापरातून गेलेल्या शब्दापुढे खंजिराची खूण असते. शब्द काढून टाकत नाहीत. ‘फॉल’वर तर तशी खूण करायचंही कारण नाही, कोट्यवधी लोक तो रोज बोलतात. इंग्रजीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की उत्तरपत्रिकेत तो दिसला तर फुली मारू नये. हवं तर शेजारी ‘ऑटम’ही लिहावं आणि पूर्ण गुण द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा