तात्पर्य विचारण्याआधी गोष्ट कशी घडली ते विचारा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सहावी ते आठवीच्या वर्गांत मराठीच्या तासाला एखादी गोष्ट शिकवली जाते, तेव्हा तिच्यामागून येणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. शब्दार्थ, एका वाक्यात उत्तरे, रिकाम्या जागा आणि शेवटी ‘या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?’ गोष्ट रचली कशी गेली आणि तिच्यातली माणसे तशी का वागली, हे विचारायला तास उरत नाही. पुढे नववी-दहावीला मात्र याच मुलांनी मुद्द्यांवरून किंवा अपूर्ण मजकुरावरून कथा लिहावी, अशी आपली अपेक्षा असते. खानदेशातील तालुक्याच्या गावांतून दीर्घकाळ मराठी शिकवलेली एक शिक्षिका म्हणून मला असे मनापासून वाटते की, कथानक आणि पात्रे यांची समज द्यायचे खरे वय बारा-तेराचे आहे आणि ते आपण तात्पर्याच्या घाईत वाया घालवतो.

मुलांनी लिहिलेल्या कथा वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. त्यांत घटना भरपूर असतात, पण एका घटनेचा दुसरीशी संबंध नसतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली हा भेद फार सोपा करून सांगितला: राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झाले कथानक. रावेर-यावलकडच्या मुलांना हेच त्यांच्या शिवारातून सांगता येते. वादळ आले, केळीची बाग आडवी झाली, मोठा भाऊ सुरतेला गेला, या तीन वाक्यांत तीन बातम्या आहेत. बाग आडवी झाली म्हणून सोसायटीचे कर्ज थकले, कर्ज थकले म्हणून भावाने कॉलेज सोडले आणि आई अडवील या भीतीने तिला न सांगताच तो पहाटेच्या गाडीने सुरतेला निघून गेला, असे म्हटले की कथानक उभे राहते. या वाक्यात आई आणि भाऊ या दोघांचे स्वभावही आपोआप आले आहेत. भाऊ वेगळ्या स्वभावाचा असता, तर त्याच वादळातून वेगळी गोष्ट निघाली असती. म्हणून कथानक एका आठवड्यात आणि पात्रे दुसऱ्या आठवड्यात, अशी विभागणी करून हा विषय शिकवू नये, असे माझे मत आहे.

कथानकाचे टप्पे शिकवायला परक्या उदाहरणांचीही गरज नाही. चिऊ-काऊची गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ असते. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, हा प्रारंभ. त्यातच पुढच्या संकटाचे बी पेरलेले आहे. पाऊस येतो आणि शेणाचे घर वाहून जाते, इथे अडचण सुरू होते. काऊ दार वाजवतो आणि चिऊ म्हणते, थांब, बाळाला आंघोळ घालते. थांब, अंगडे घालते. थांब, तीट लावते. लहानपणी आपल्याला या पुनरुक्तीची गंमत वाटते, परंतु सातवीच्या मुलाला विचारले की बाहेर पाऊस चालू असताना हे ‘थांब’ ऐकून तुला काय वाटते, तर ताण कसा चढत जातो हे तो स्वतःच सांगतो. दार उघडते तो उत्कर्षबिंदू, म्हणजे ताण टोकाला पोचतो ती जागा. त्यापुढे मात्र घरोघरी गोष्ट बदलते. कुठे काऊला ऊब मिळते, कुठे तो तव्यावर बसून भाजतो. कोणता शेवट आधीच्या घटनांतून अधिक साहजिकपणे येतो, यावर वर्गात जी चर्चा होते, तिच्याइतके चांगले भाषाशिक्षण मी क्वचितच पाहिले आहे. आणि ‘तात्पर्य काय?’ या प्रश्नाला इथे एकच उत्तर देता येत नाही, हेही मुलांच्या लक्षात येते.

जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग यांनी 1863 मध्ये नाटकाची जी पाच टप्प्यांची चढण-उतरण मांडली, ती आज जगभर शाळांतून शिकवली जाते. त्याच्या कितीतरी आधी भरताच्या नाट्यशास्त्राने आरंभ, यत्न, प्राप्त्याशा (फळ मिळण्याची आशा), नियताप्ती (ते मिळणारच याची खात्री) आणि फलागम (फळ मिळणे) अशा कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. शिक्षकांनी दोन्ही जाणून घ्यावे, पण मुलांकडून ही नावे घोकून घेऊ नयेत. ‘उत्कर्षबिंदू म्हणजे काय?’ हा दोन गुणांचा प्रश्न झाला की हा सगळा खटाटोप पुन्हा पाठांतरात बुडेल. शिवाय प्रत्येक गोष्ट या साच्यात बसत नाही. पंचतंत्रात गोष्टीच्या पोटात गोष्ट निघत जाते.

पात्रांच्या बाबतीत चांगला आणि वाईट या दोन कप्प्यांपलीकडे मुलांना न्यायला हवे. श्रावणातल्या कहाण्यांमधल्या आवडती आणि नावडती या राण्या एकाच गुणाच्या, सपाट व्यक्तिरेखा आहेत आणि त्या कहाणीला तशाच हव्या असतात. सपाट म्हणजे कमअस्सल, असा समज करून देऊ नये. त्याउलट मघाचा केळीवाल्याचा मुलगा धीटही आहे आणि भित्राही, म्हणजे त्याला एकाहून अधिक बाजू आहेत. प्रसंगांतून जाताना जे पात्र बदलते ते विकसनशील, जे बदलत नाही ते स्थिर. नायकाला विरोध करणारा प्रत्येक जण खलनायक नसतो, हे तर मुद्दाम सांगावे लागते. विरोध दुष्काळाचा असेल, घरच्या प्रेमळ आजोबांचा असेल किंवा नायकाच्या मनातल्या भीतीचा असेल. मुलांना एवढाच प्रश्न द्यावा: या माणसाला काय हवे आहे आणि ते मिळवण्याच्या आड काय येते?

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना आहे. इथली कितीतरी मुले घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलतात. प्रमाण मराठीत लिहायला सांगितले की ती अडखळतात आणि आपण समजतो की त्यांना गोष्ट सुचत नाही. त्यांना आधी आपल्या बोलीत गोष्ट सांगू द्यावी, तिचे टप्पे फळ्यावर मांडावेत आणि मग लेखनाकडे वळावे. कार्यकारणाची जाण बोलीतही तितकीच पक्की असते.

शाळांच्या केंद्रांवर होणाऱ्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदांमध्ये या विषयाला एखादे सत्र द्यावे आणि घटक चाचणीत तात्पर्याऐवजी ‘हे पात्र असे का वागले?’ हा प्रश्न यावा, अशी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत. त्या धर्तीवर महिन्याला एक हस्तलिखित कथापत्रक काढणे कोणत्याही शाळेला परवडेल. आपल्या वृत्तपत्रालाही विनंती अशी की, बालपुरवणीत दर आठवड्याला उत्कर्षबिंदूच्या अलीकडे थांबवलेली एखादी कथा छापावी, मुलांकडून तिचे शेवट मागवावेत आणि तोच शेवट का निवडला, याचे कारण चार ओळींत लिहिण्याची अट त्यासोबत घालावी.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, जळगाव जिल्हा