एक जबडा की दोन? मनूला पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, खालच्याच जबड्याचं ऑपरेशन करून टाकू, लवकर उरकेल आणि खर्चही कमी." आणि लगेच मेसच्या जेवणावर गेलीस. बाबा शेजारीच बसले होते, त्यामुळे मलाही मोकळं बोलता आलं नाही. म्हणून सगळं लिहूनच काढते. पत्र लांबलंय, सावकाश वाच.

आधी पैशाचं बोलून घेते, म्हणजे तो विषय मध्ये मध्ये येणार नाही. एका जबड्यापेक्षा दोन जबड्यांचं बिल मोठं होणार हे उघड आहे. वेळ जास्त, भूल जास्त वेळ, प्लेटा आणि स्क्रू जास्त. विमा कंपनीला मी लेखी विचारलंय, कारण पुष्कळदा अशी ऑपरेशनं सौंदर्योपचार म्हणून नाकारतात. त्यांनी नाही म्हटलं तरी आपली सोय झालेली आहे, बाबांनी आणि मी बसून हिशेब केलाय. तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून तू छोटं ऑपरेशन निवडू नकोस. तसं केलंस तर मला फार वाईट वाटेल.

आता मूळ मुद्दा. लहानपणापासून सगळे तुला "खालचा जबडा पुढे आहे" असंच म्हणत आले. आरशात तसंच दिसतं, म्हणून तूही तेच धरून बसलीस. पण मागच्या खेपेला डॉक्टर सरांनी बाजूने काढलेल्या एक्स-रेवर रेघा मारून मला समजावलं. कवटीच्या तळापासून मोजलं तर वरच्या जबड्याचा कोन साधारण 82 अंश यायला हवा आणि खालच्याचा 80. तुझा खालचा 82 आहे, म्हणजे थोडाच पुढे. वरचा मात्र 77. खरी कमतरता वर आहे. गालांच्या मधला भाग बसका वाटतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना खळगी पडल्यासारखी दिसते, ती त्यामुळेच. दार चौकटीत बसत नसेल तर चांगला सुतार आधी चौकट ओळंब्यात आहे का बघतो, मग रंधा हातात घेतो. मला तरी त्या एक्स-रेवरून चौकटच सरकलेली दिसली.

तारा लावल्यावर तुझा चावा आणखी उलटा झाला आणि तू घाबरलीस, ते मला आठवतंय. पण ते होणारच होतं. इतकी वर्षं तुझे वरचे दात पुढे झुकून आणि खालचे आत झुकून जबड्यांमधलं अंतर झाकत होते. तारांनी ते आपापल्या हाडावर सरळ उभे केले, तेव्हा खरं अंतर दिसलं. आज खालचे दात वरच्यांच्या 8 मिलिमीटर पुढे आहेत. वरचे दात खालच्यांच्या 2 मिलिमीटर पुढे यायला हवेत. म्हणजे एकूण 10 मिलिमीटर सरकवायचे आहेत. ते सगळे एकट्या खालच्या जबड्याकडून वसूल करायचे की दोघांत वाटायचे, एवढाच प्रश्न आहे.

एकट्या खालच्यावर भार टाकला तर काय होतं ते मी आपण दाखवलेल्या दोन्ही सर्जनना विचारलं. जबडा मागे गेला की त्याच्याबरोबर जिभेचं मूळही मागे जातं आणि घशातली हवेची वाट अरुंद होते. थोडं सरकवलं तर शरीर निभावून नेतं, पण 10 मिलिमीटर म्हणजे थोडं नाही. तू रात्री घोरतेस, हे तुझी रूममेट हसत हसत सांगते, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ऑपरेशन कुठलंही ठरो, त्याआधी झोपेत श्वास अडतो का याची तपासणी करून घ्यायचीच. दुसरं म्हणजे जबडा एकदम इतका मागे नेला तर स्नायू आणि जीभ त्याला पुन्हा पुढे ढकलू बघतात. वरचा पुढे आणि खालचा थोडाच मागे, अशी वाटणी केली तर जागेवर राहण्याचा भरवसा जास्त. शिवाय एकटा खालचाच मागे नेला तर हनुवटीखालची कातडी सैल पडते आणि मधला चेहरा जसा बसका आहे तसाच राहतो. तुला जे बदलायचंय तेच राहून जाईल.

मग मी विचारलं, तर फक्त वरचाच पुढे का नको? खरं सांगते, मला तो पर्याय फार आवडला होता, कारण खालच्या ओठाची नस त्यात वाचते. पण एकट्या वरच्याला 10 मिलिमीटर पुढे आणणं म्हणजे खूप ताण, नाक आणि वरचा ओठ जास्तच बदलतात. आणि तुझी हनुवटी डावीकडे कललेली आहे, ती वरचा हलवून मध्ये येणार नाही. तिच्यासाठी खालचा कापावाच लागेल. म्हणून वरचा 6 पुढे, खालचा 4 मागे आणि मध्यरेषेत, असा मुंबईच्या सरांचा बेत आहे. माझं मत त्याच बाजूने आहे.

आता भीतीबद्दल. खालच्या ओठाला आणि हनुवटीला बधिरपणा येतो हे तू वाचलंस आणि हादरलीस. तो येतो. बहुतेकांचा काही महिन्यांत, कधी वर्षभरात कमी होतो, काहींचा थोडा कायम राहतो, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण लक्षात घे, तो खालच्या जबड्याच्या ऑपरेशनचा धोका आहे. एक केलंस तरी तो आहेच आणि दोन केलीस तरी तोच. दुसऱ्या जबड्याने जी भर पडते ती वेगळी: गाल, वरचा ओठ आणि हिरड्या काही काळ बधिर, रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता, नाकाचा तळ रुंद होण्याची शक्यता. रुंद होऊ नये म्हणून नाकपुड्यांच्या मुळाशी एक टाका घालतात. तो घालणार आहेत का, ते तू तोंडाने विचार. तुझं नाक तुला आवडतं, मलाही.

वरचा जबडा कवटीपासून पूर्ण सुटा करतात हे ऐकून मी त्या रात्री झोपले नव्हते. हाड जगणार कसं? मग समजलं, टाळूकडच्या मऊ भागातून त्याला रक्त मिळत राहतं. विल्यम बेल नावाच्या अमेरिकन सर्जनने 1975 मध्ये माकडांवर ते तपासून दाखवलं. झुरिकच्या ह्यूगो ओबवेगेसर यांनी तर 1970 मध्येच वरचा पुढे आणि खालचा मागे, एकाच बैठकीत केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे हे काल सुरू झालेलं काम नाही. रोज करणारा हात मात्र हवा, त्यावर मी अडून बसणार आहे.

नंतरचे दिवस कठीण आहेत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. नाक चोंदलेलं, पण काही दिवस शिंकरायचं नाही. सुरुवातीला सिरिंजने पातळच: पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, नाचणीची आंबील, ताक. हाड जुळायला सहा आठवडे धर, तोवर चावायचं काही नाही. वजन उतरेल. मी रजेचा अर्ज तयार ठेवलाय.

मावशीचं म्हणणं मी तिथेच थांबवलं. "लग्नाआधी लहानसं करून घ्या" म्हणे. तुझं लग्न कुठे ठरतंय, आणि ठरलं तरी ऑपरेशन त्याच्या तारखेवर का बेतायचं? मी गेली कित्येक वर्षं बघतेय, तू पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडत नाहीस, कोपऱ्यात सुळ्याकडे नेऊन ओढतेस. कणीस कुणी समोर ठेवलं तर दाणे बोटांनी सोलतेस आणि म्हणतेस मला असंच आवडतं. वडापाव चारचौघांत घेत नाहीस. मला हे मिटायला हवंय. फोटोतली हनुवटी लोकांना काय दिसायची ती दिसू दे.

तरीही शरीर तुझं आहे. सगळं ऐकून तू खालचाच म्हणालीस, किंवा इतक्यात काहीच नको म्हणालीस, तरी मी तुझ्या बाजूने उभी राहीन. फक्त घाईने किंवा आमच्या काळजीने ठरवू नकोस. वाढ थांबलीय हे वर्षाच्या अंतराने काढलेल्या दोन्ही एक्स-रेंवरून नक्की झालंय, त्यामुळे आता वेळ आपल्या हातात आहे. अक्कलदाढा मात्र ऑपरेशनच्या साधारण सहा महिने आधी काढून टाकाव्या लागतात, तेवढं दिवाळीच्या सुट्टीत उरकू.

सरांना विचारायचं ते वहीत लिहून ने. दोन्ही बेत कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी दाखवा म्हण. खालचा नक्की किती मागे जाणार, श्वासाच्या वाटेचं काय होणार, दोन्ही जबड्यांचं काम ते स्वतः किती वेळा करतात, नंतर तारा किती महिने राहणार. उत्तर नीट मिळालं नाही तर पुन्हा विचार, संकोच करू नकोस.

दोन्ही एक्स-रे आणि मुंबईच्या सरांचा कागद उद्या कुरिअरने पाठवते. मिळाले की कळव. शनिवारी दुपारनंतर बाबा कारखान्यात असतात, तेव्हा फोन कर, निवांत बोलू.

तुझी,
आई