शिशाची चकती आणि तिची जागा

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

ठाण्यात नुकत्याच भरलेल्या जुन्या वस्तूंच्या एका प्रदर्शनात शिशाचे तुकडे एका ताटलीत ठेवले होते. चिठ्ठीवर लिहिले होते, 'जाळ्याची शिसे'. त्यातला एक तुकडा खालून सपाट, वरून घुमटासारखा, बरोबर मधोमध गोल भोक आणि भोकापासून कडेपर्यंत ओतकामातल्या उठावाच्या रेघा. पागाची, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याची शिसे मी चेंदणी कोळीवाड्यात पाहिली आहेत. ती लांबट, नळीसारखी, दोर ओवण्यापुरत्या भोकाची. ही मला टकळीची, म्हणजे हाताने फिरवून सूत काढायच्या काडीची चकती वाटली. मी वर्षानुवर्षे शाळेत मुलांना टकळीवर सूत काढायला शिकवले. भोक जरा बाजूला सरकले की टकळी डुगडुगते आणि पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून निघणारा धागा तुटतो. जाळ्याच्या शिशाला एवढे नेमके मध्य साधायची गरजच नसते.

तरी नुसत्या आकारावरून खात्री देता येत नाही. म्हणून तो कुठे सापडला, असे विचारले. कोणाला सांगता आले नाही.

इंग्लंडमध्ये शेतांत अशा मध्ययुगीन शिशाच्या चकत्या पुष्कळ सापडतात. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे चुलीवर वितळवून दगडी साच्यात ओतता येते. लाकडी काडी कुजते, सूत कुजते, मागे उरते ती चकती. हलकी चकती बारीक सुताला, जड जाड सुताला, म्हणून वजनही बोलते. तिथे 1997 पासून सर्वसामान्यांना सापडलेल्या अशा वस्तूंची जागेसह नोंद होते. एकट्या चकतीचा काळ ठरवणे अवघडच. शेजारी खापर किंवा नाणे मिळाले तरच काही हाती लागते.

आपल्याकडे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याहून बाहेर जाणाऱ्या मालात कापूस आणि कापडही नोंदवले आहे. चरख्याचा उल्लेख इसामी या कवीच्या 1350 मधल्या फारसी काव्यात येतो, आणि ते दख्खनमध्येच लिहिले गेले. त्याआधी सूत टकळीवरच निघाले असणार. अशा गावात तलावांचा गाळ आणि टॉवरच्या पायाची माती डंपरमधून जाते तेव्हा रुपयाएवढ्या चकतीकडे कोण बघणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

महापालिकेने गाळ काढणाऱ्या कंत्राटदाराला धातूची, भोकाची प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून त्यावर जागा, खोली आणि तारीख लिहायला सांगावे आणि ती पुरातत्त्व खात्याकडे पोचवावी. प्रदर्शनवाल्यांनीही त्या ताटलीतला प्रत्येक तुकडा वजन करून, ज्यांच्याकडून मिळाला त्यांना पुन्हा विचारून घ्यावा.

– एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका, नौपाडा, ठाणे