डागडुजी कबूल केली होतीत, नोटीस कशी आली?

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

परवा पहाटे आमच्या वाड्याच्या माजघरावरची तुळई खाली आली. आईची खाट जेमतेम दोन हातांवर होती. दुपारी दिंडी दरवाज्यावर नोटीस चिकटली: धोकादायक इमारत, तात्काळ रिकामी करा. निवडणुकीआधी आपण याच चौकात उभं राहून ‘पावसाळ्याआधी डागडुजी करून देतो’ म्हणाला होतात. कुठला पावसाळा ते विचारायचं राहून गेलं. तीन झाले.

वाड्याचा इतिहास सांगतो, भाषणात उपयोगी पडेल. बांधला एका सावकाराने. तो काही संत नव्हता. सागवानी खांब कुणाच्या व्याजातून उभे राहिले ते सगळी पेठ जाणते. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा 1879 चा कायदा आला, याची वसुली बसली. मुलाने वाडा गहाण टाकला, तो सुटलाच नाही. मग आला कापसाचा अडत्या. त्याने सोप्यात गाठी रचल्या. तिथली फरशी अजून खचलेली आहे, पाणी सांडलं की तिथेच साचतं. त्याच्या वारसांनी खोली-खोली भाड्याने दिली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं 1940 च्या आकड्यावर गोठलं. आम्ही त्यातलेच भाडेकरू. फायदा घेतला, नाकारत नाही. पण तेवढ्यात मालक कौलं कशी शाकारणार? 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. चहाच्या पैशांचे 4 टक्के किती, ते अर्थखात्याला विचारा.

कौलं शेवटी वडिलांनीच शाकारली, गुडघा मोडून घेतला. मिळकत पत्रिकेवर याची नोंद नाही, तिथे फक्त मालक बदलतात. बिल्डरचं नाव पंधरा दिवसांत चढलं. माझा दुरुस्तीचा अर्ज सहा वर्षं ‘कार्यवाहीत’ आहे. कोण करतंय ही कार्यवाही? वाळवी?

पुण्यात फुले दांपत्याने 1848 साली जिथे मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा कोर्टकचेऱ्यांत कुजला आणि 2023 च्या डिसेंबरात पाडला. का, तर स्मारक बांधायला! त्या वाड्याची ही गत, तर आमच्यासारखे किती गेले असतील? शेकडो? हजारो? तुमच्याकडे आकडा असेल तर जाहीर करा. वारशाच्या जाहिरातींना पैसा आहे, एका तुळईला नाही.

आम्ही हललेलो नाही. टेकू स्वखर्चाने लावलाय. पाहायला येणार असाल तर दिंडीतून वाकून या. मागच्या वेळी आपल्या डोक्याला लागलं होतं.

आपला,
एक भाडेकरू