मनोमिनबद्दल, सविस्तर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचं ‘मनोमिन’, म्हणजे जंगली भात (वाइल्ड राइस), आपल्या भातासारखंच पेरतात का, असं तू विचारलंस. नाही. लेक सुपीरियर या मोठ्या सरोवराच्या भोवती, अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन राज्यांत आणि कॅनडाच्या बाजूला, उथळ तळ्यांत ते आपसूक उगवतं. कमरेएवढं पाणी, खाली मऊ चिखल. बैलाच्या कष्टाचं नाही, तेव्हा तुझ्या आईला ऋषिपंचमीला चालायला हरकत नाही! काढणीही साधारण त्याच सुमारास, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर.

होडीत माणसं दोनच. एक जण मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. दाट ताटांतून वल्हं मारणं कठीण. दुसरा बसलेला, हातात सीडर झाडाच्या लाकडाच्या दोन हलक्या काठ्या. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने लोंब्यांवरून नुसतं पुसल्यासारखं हाणायचं. पिकलेला दाणा तेवढ्याने पडतो. जोर लावला तर ताट मोडतं आणि मागचे दाणे वाया जातात, कारण लोंबी शेंड्याकडून खाली टप्प्याटप्प्याने पिकते. म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागी फेरी. मिनेसोटाच्या नियमात काठी 30 इंचांहून लांब नको आणि एक पौंडाहून जड नको, ते यासाठीच.

बरेच दाणे पाण्यात पडतात. मला तर या पद्धतीतली खरी हुशारी तीच वाटते. टोकदार कुसळ दाण्याला चिखलात रोवतं आणि थंडगार पाण्यात हिवाळा काढल्यावर तो रुजतो. वाळवलेला दाणा मात्र रुजत नाही, म्हणजे घरी नेलेल्यातून बियाणं ठेवायची सोयच नाही.

पुढचं काम किनाऱ्यावर. ओला माल पोत्यात तसाच ठेवला तर तापतो, बुरशी धरते. म्हणून आधी पसरायचा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, हात न थांबवता, अर्धा-पाऊण तास परतायचा. कच्चा राहिला तर तूस सुटत नाही, आच वाढली तर दाणा करपतो किंवा फुटतो. नंतर लाकूड लावलेल्या खड्ड्यात, मऊ मोकासिन (कातडी जोडे) घालून, आडव्या दांडीला धरून पायांनी तुडवायचं. भार हातांवर, पाय फक्त फिरवायचे. सगळं अंग टाकलं की कणी होते. शेवटी बर्च झाडाच्या सालीच्या सुपाने पाखडायचं. होडीतून आणलेल्याचं वजन उरतं निम्म्याच्या आसपास.

दुकानातला काळाभोर, चकचकीत ‘वाइल्ड राइस’ बहुधा शेतात पेरून यंत्राने कापलेला असतो. तो शिजायला पाऊण तास ते तासभर लागतो. हाताने भाजलेला तपकिरी-हिरवट दाणा साधारण वीस मिनिटांत फुलतो. तो मिळाला तर एक वाटीला तीन वाट्या पाणी घे, आणि दाणे उकलू लागले की गॅस बंद कर.

या पिकाला सर्वांत मोठी भीती पाण्याची. जूनमध्ये पानं पाण्यावर तरंगत असतात; तेव्हा धरणामुळे पातळी फूटभर चढली तर रोपं मुळासकट उचलली जातात. दुसरं खाणींचं सल्फेट: चिखलात त्याचं सल्फाइड होतं आणि ते मुळांना मारतं. मिनेसोटाने 1973 मध्येच लिटरला 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, पण ती पाळून घेण्यात टाळाटाळच फार झाली. हक्कांचंही तसंच. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1837 च्या करारात ओजिब्वेंना मनोमिन गोळा करण्याचा हक्क लिहून दिलेला होता, आणि तो करार अजून लागू आहे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला मिनेसोटातल्या मिल लॅक्सच्या ओजिब्वेंना 1999 उजाडलं.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिरीष