ओंकार, मशेरी पण तंबाखूच आहे

प्रिय ओंकार,

काल रात्री फोनवर तू म्हणालास, आई इथे लोक किती तंबाखू खातात गं, पोरं काय, म्हाताऱ्या बाया काय, आपल्याकडे असं नाही बघ. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तुझं नेटवर्क गेलं आणि मग परत लागलंच नाही. पण ते "आपल्याकडे असं नाही" माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज दुपारी भेटी उरकून मोबाईलवर हे टाईप करत बसलेय, चुका असतील तर समजून घे.

आपल्याकडे पण आहे रे बाळा. तिकडे गडचिरोलीत खर्रा आहे, सुपारी तंबाखू चुन्याचा, पानठेल्यावर पन्नीत घालून सगळ्यांसमोर घोटतात, पाहुणा आला की पुढे करतात, म्हणून तुला पहिल्या आठवड्यातच दिसला. आपल्याकडे पुरुष तंबाखूत चुना मळून खातात ते तुला लहानपणापासून इतकं सवयीचं झालंय की ते तुझ्या मोजणीतच येत नाही. आणि बायका मशेरी लावतात, सकाळी अंधारात, न्हाणीघराच्या पायरीवर बसून, दारामागे. ती तर कुणालाच दिसत नाही, घरातल्या पुरुषाला सुद्धा नाही.

मी लावत होते. तुला हे माहीत आहे का नाही मला खरंच माहीत नाही, तू दहा वर्षांचा असताना सुटली माझी, आणि नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. माझी आई लावायची, आजी लावायची. काळी तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजायची, घरभर धूर, खोकला, मग ती कुटून डब्बीत भरायची. दात दुखत होता म्हणून मला आईनेच पहिल्यांदा लावून दिली, चौदा पंधरा वर्षांची असेन, आणि दुखायचं थांबलं खरंच. पण मग दात दुखायचा थांबला तरी मशेरी चालूच राहिली. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं, कामाला हात चालत नाही असं आम्ही सगळ्या म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं, शरीराला त्याची सवय लागल्यावर तसंच होतं. दिवसाला एकदाची दोनदा झाली, मग चारदा, दुपारी शेतात भूक लागली की पण लावायची, भूक मरते म्हणून.

आणि तू पोटात असताना सुद्धा लावत होते. हे लिहिताना हात थांबतोय पण लिहिते. तू जन्मलास तेव्हा २ किलो १०० ग्रॅम होतास. नर्सबाई म्हणाल्या बाळ बारीक आहे, बाकी कुणी काही विचारलं नाही, मी पण काही जोडलं नाही. खूप नंतर, आशाचं, म्हणजे गावात घरोघरी फिरून आरोग्याचं, काम करताना एका ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की मुंबईतल्या गरोदर बायकांवर एक अभ्यास झाला होता, २००४ साली छापून आला, त्यात मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. मी तिथे वही मांडीवर घेऊन बसले होते आणि मला नुसतं तुझं वजनच आठवत होतं. फक्त मशेरीमुळेच तसं झालं असं मी म्हणत नाही, तेव्हा खाणंपिणंही बेताचंच होतं, पण ते १०५ ग्रॅम माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

आता तुझ्या सर्वेच्या कामाचं बोलते. आशा झाले त्याच्या पहिल्या वर्षी, २००९ मध्ये, आपल्या वाडीत एक सर्वे आला होता. दोन मुली आल्या, त्यांनी मला विचारलं, ताई तुम्ही तंबाखू खाता का? मी म्हणलं नाही. ओंकार मी खोटं नाही बोलले. तंबाखू खायचे ते तुझे पप्पा. मी तर दात घासत होते. मशेरी म्हणजे तंबाखू हे माहीत होतं, मीच भाजत होते ना तव्यावर, पण "तंबाखू खाणारी बाई" ही मी नव्हे असंच वाटत होतं. त्या मुलींनी टिक केली आणि गेल्या. त्या कागदावर मी आजही तंबाखू न खाणारी बाई म्हणूनच आहे.

म्हणून तू सारखे आकडे पाठवतोस ना, ते मी वाचते, आणि वाचताना मला हे आठवतं. २०१६-१७ चा तो गॅट्सचा, म्हणजे मोठ्या माणसांच्या तंबाखूचा, सर्वे तू पाठवला होतास, महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, पुरुष ३५.५ आणि बायका १७. आणि नंतरचा एनएफएचएस, म्हणजे देशभरातल्या कुटुंबांच्या आरोग्याचा सर्वे, २०१९ ते २१ चा, त्यात पुरुष ३३.८ आणि बायका १०.९. तू म्हणालास बघ आई बायकांमध्ये किती कमी झालं. मी दोन्ही शेजारी लिहून बघितले. पुरुषांचे जवळपास सारखेच आहेत रे, दीड पावणेदोनचा फरक, आणि बायकांचे मात्र एकदम सतरावरून अकरावर? तीन चार वर्षांत एवढ्या बायकांनी मशेरी सोडली आणि मला घरोघरी फिरताना ते दिसलं नाही? थोडी कमी झाली असेल, नव्या मुली लावत नाहीत हे मी पण बघते, पण सगळा फरक तिथला नाही असं मला वाटतं. तूच सांगितलंस की गॅट्समध्ये घरातलं एक माणूस निवडून त्यालाच विचारतात, बाई असेल तर विचारणारी पण बाई असते, आणि मशेरी, गुल, खैनी सगळं वेगवेगळं नाव घेऊन विचारतात. आणि एनएफएचएसमध्ये हा आकडा घरातल्या एकालाच सगळ्यांबद्दल विचारून काढतात. आता सासरा ओट्यावर बसून सांगणार का की माझी सून मशेरी लावते? त्याला माहीत असलं तरी सांगणार नाही, आणि निम्म्या घरांत माहीतच नसतं. मुलाचं मात्र तो सांगून टाकतो, त्यात कुणाला काही वाटत नाही.

आम्ही आशा सीबॅक फॉर्म भरतो ना, कुणाला मोठ्या आजारांचा धोका आहे ते बघायचा, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा, त्यात तंबाखूला मार्क असतात, कधीच नाही तर ०, आधी घेत होतो किंवा कधीमधी तर १, रोज तर २. मी सुरुवातीला सरळ विचारायचे, तर बायकांचे सगळे शून्य. मग मी विचारायची पद्धत बदलली, आधी माझंच सांगायचे, मी पण लावायचे बाई, तुम्ही सकाळी दात कशाने घासता, आणि मग ती हळूच हसून डब्बी दाखवायची. सासू समोर असली तर विचारायचंच नाही, पाणी भरायला गेली की विचारायचं. शून्याचे दोन झाले बऱ्याच घरांत.

आणखी एक गोष्ट सांगते जी मला त्या गॅट्सच्या आकड्यांत सगळ्यात जास्त टोचली. आपल्या राज्यात ओढणारे किती, तर फक्त ३.८ टक्के. देशात १०.७ आहेत. म्हणजे बिडी सिगारेटमध्ये आपण देशाच्या बरेच खाली. पण बिनधुराची तंबाखू, चघळायची, लावायची, ती २४.४ टक्के, देशात २१.४. आपलं राज्य ओढत नाही, चघळतं. आणि जिकडे बघावं तिकडे बोर्ड कशाचे तर धूम्रपान निषेध. बायकांचं तर बघ, ओढणाऱ्या १.४ आणि बिनधुराची घेणाऱ्या १६.६. पुण्यात टपरीवर एखादी मुलगी सिगारेट ओढताना दिसली की आपल्या गावात आठ दिवस चर्चा होते, तुझ्या मावशीने तर फोटो पण पाठवला होता ग्रुपवर, आणि त्याच मावशीच्या कमरेला मशेरीची डब्बी असते. मला त्या मुलीची काळजी नाही असं नाही, पण तिला निदान पाकिटावर चित्र दिसतं, तिच्या हातात फोन आहे, पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ ला ती फोन करू शकते, निकोटीनच्या गोळ्या विकत घेऊ शकते. आमच्या बायका तंबाखू सुट्टी घेतात, कागदात बांधून, त्यावर कसलं चित्र आणि कसला नंबर. फोन नवऱ्याकडे. आणि दवाखान्यात आली तरी तिला कुणी विचारत नाही कारण ती ओढत नाही.

शिक्षण कमी, पैसा कमी, अंगमेहनत जास्त, तिथे तंबाखू जास्त, हे तर तू पण बघतोयस. पण लोक ते अशा सुरात सांगतात की अडाणी आहेत म्हणून खातात, तसं नाहीये. आपल्या माण तालुक्यातले निम्मे पुरुष मुंबईला माथाडी म्हणून गेले, तुझा मोठा काका पण, पाठीवर पोती वाहायची, दोन वेळचं जेवण वेळेवर नाही, मग तंबाखूची चिमूट दाढेत धरली की चार तास निघतात. पप्पांचं पण तेच, रात्री गाडी चालवायची, झोप येऊ नये म्हणून गुटखा. २०१२ ला आपल्याकडे गुटख्यावर बंदी आली तेव्हा मला वाटलं सुटेल आता, तर काही महिने शेजारच्या राज्यातून येणारा चोरून मिळायचा आणि मग मावा सुरू झाला. तिकडच्या खर्र्याचा भाऊच तो, सुपारी तंबाखू चुना. नाव बदललं फक्त.

आणि तू "इथले लोक" असं म्हणालास ते मला आवडलं नाही, सरळ सांगते. गडचिरोलीला जास्त आहे हे खरंय, पलीकडे छत्तीसगड आहे, तिथे गॅट्समध्ये ३९ टक्के होते, आणि आपल्या खाली गोवा, तिथे ९.७. म्हणजे एकाच राज्याच्या दोन टोकांना किती वेगवेगळे शेजार आहेत बघ, तंबाखूची सवय काय जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. पण त्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने मुक्तिपथ नावाचं काम सुरू केलं, दारू आणि तंबाखू दोन्हीसाठी, गावं एकत्र बसून ठराव करतात, खर्रा विकायचा नाही म्हणून. आपल्या तालुक्यात मशेरीवर एखादी ग्रामसभा झालेली मला तरी आठवत नाही. तेव्हा तिथे काम करतोयस तर शिकायला गेलायस असं समजून राहा.

माझी कशी सुटली ते पण लिहिते, कुणाला सांगायला उपयोगी पडेल. एका दिवसात नाही सुटली. आधी चारच्या दोन केल्या, मग फक्त सकाळची, आणि ती सकाळची सोडायला चार महिने लागले. पहिले आठ दिवस डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, तुझ्यावर उगाच ओरडायचे. एकदा तुलाच दुकानात पाठवलं होतं पुडी आणायला, आठवतं का, तू पाचवीत होतास, आणि दुकानदाराने दिली पण. तू ती पुडी मुठीत घट्ट धरून पळत आलास, मला दिलीस आणि हात हुंगलास. त्या दिवशी ती पुडी मी चुलीत टाकली. त्यानंतर पण दोनदा लावली, खोटं कशाला बोलू, पण तुला परत पाठवलं नाही. सोडणाऱ्या बाईला हे सांग की दोनदा चुकलं म्हणजे संपलं नाही, आणि पोटासाठी गरम पाणी, पालेभाजी, गरज पडली तर डॉक्टरांकडून औषध, कारण पोट साफ होईना म्हणूनच परत सुरू करणाऱ्या मी खूप बघितल्यात.

तुझ्या टॅबमध्ये प्रश्न ठरलेले असतील, शब्द बदलायची परवानगी नसेल तर तुझ्या सुपरवायझरला विचार, पण तिथल्या बायका दाताला जे लावतात त्याला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते आधी एखाद्या आशाताईला विचारून घे. मराठीतलं नाव माडिया आदिवासींच्या घरात चालणार नाही. छत्तीसगडच्या बाजूच्या गावात गुडाखू मिळेल, दाताला लावायची तंबाखूची पेस्ट, त्याला पण कुणी तंबाखू म्हणणार नाही, दंतमंजन म्हणतील.

पप्पांचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. तीन बोटं उभी गेली पाहिजेत. सुपारीने आतली कातडी कडक झालीय, डॉक्टर म्हणाले पहिल्यासारखं होणार नाही, पण पुढे वाढू नये आणि काही डाग असेल तर आत्ताच कळावं म्हणून तपासायचंय. दोन महिने टाळत होते, आता मंगळवारी येतो म्हणालेत, मी रजा टाकलीय. सोमवारी रात्री त्यांना फोन कर. तंबाखूचं काही बोलू नकोस, नुसतं विचार उद्या किती वाजता निघताय.

तुझी,
आई